जुन्या मोटारगाडीचे विम्यासाठी मूल्यांकन : सोलापूरच्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातील पेठांच्या वाड्यांत, गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात बांधलेल्या बंगल्यांच्या आवारात आणि होटगी रस्त्यावरच्या काही गॅरेजांत अजूनही फियाट, अँबॅसॅडर, स्टँडर्ड हेराल्ड आणि जुन्या जीप जपून ठेवलेल्या आहेत. त्यांच्या मालकांकडून विम्याविषयी जे प्रश्न पुनःपुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मी स्वतः १९६६ सालच्या फियाटचा मालक असल्याने काही उत्तरे अनुभवातून आलेली आहेत, आणि त्यांतला एक अनुभव बराच महाग पडलेला आहे.

माझ्या जुन्या गाडीची विम्यातील किंमत नेमकी कोण ठरवते?

कायद्याच्या भाषेत तुम्ही आणि विमा कंपनी मिळून ठरवता. व्यवहारात मात्र बहुतेक वेळा ती कोणीच ठरवत नाही, मागच्या वर्षीचा आकडा पुढच्या वर्षी उतरवला जातो. पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ म्हणून जी रक्कम छापलेली असते ती विमाधारकाने जाहीर केलेली किंमत असते. नव्या गाडीसाठी ती काढण्याचे कोष्टक ठरलेले आहे: उत्पादकाच्या विक्रीकिमतीतून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष पूर्ण होईपर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २० टक्के, आणि असे करत पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा वजा होतो. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाड्या आणि ज्यांचे उत्पादन बंद झाले आहे अशी मॉडेल्स यांना मात्र हे कोष्टक लागू होत नाही. तेथे विमा कंपनी आणि विमाधारक यांच्या परस्पर संमतीने किंमत ठरावी, असे मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या दर व नियमांच्या संहितेत, स्पष्ट म्हटले आहे.

या ‘परस्पर संमती’तला आपला वाटा आपण सोडून देतो, ही खरी अडचण आहे. एजंट फोनवर विचारतो, “दादा, मागच्या वर्षीएवढीच टाकू ना?” आणि आपण “टाका” म्हणतो. ती एका शब्दात दिलेली संमती असते, आणि नंतर ती बदलता येत नाही.

कमी किंमत लिहिली तर हप्ता वाचतो. मग बिघडते काय?

माझ्या फियाटवर अनेक वर्षे ४५,००० रुपये हाच आकडा होता. मे महिन्यातल्या वळिवाच्या वाऱ्यात शेजारच्या आवारातील कडुलिंबाची मोठी फांदी मोडून टपावर आणि बॉनेटवर आली. टप मध्यभागी तळहातभर खोल गेला, पुढची काच फुटली आणि बॉनेटची डावी बिजागरी उपसली गेली. गाडी दुरुस्त होण्याजोगी होती, याविषयी मिस्त्रीला, मला किंवा पाहणीला आलेल्या सर्वेक्षकालाही शंका नव्हती. खर्चाचा अंदाज ७०,००० रुपयांचा निघाला आणि घसारा वजा जाऊन सर्वेक्षकाने काढलेली देय रक्कम ४१,००० च्या आसपास आली.

येथेच गणित फिरले. पॉलिसीच्या अटींनुसार दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक झाला तर गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’, म्हणजे व्यवहारतः पूर्ण नष्ट झालेली, मानली जाते. ४५,००० चे ७५ टक्के म्हणजे ३३,७५०. त्यामुळे चालू शकणारी गाडी कागदावर मेली. गाडी कंपनीकडे सोपवून सक्तीची एक हजाराची वजावट जाता ४४,००० घ्यावेत, किंवा सांगाड्याची किंमत आणखी वजा करून गाडी स्वतःकडे ठेवावी, असे दोन पर्याय समोर आले. मी दुसरा घेतला आणि उरलेला खर्च खिशातून केला. त्याच गाडीची किंमत अडीच लाख लिहिलेली असती, तर ७५ टक्क्यांची मर्यादा १,८७,५०० वर गेली असती आणि हीच घटना साध्या दुरुस्तीच्या दाव्यात मिटली असती. वाचलेला हप्ता वर्षाला काही हजारांचा होता.

‘व्हिंटेज’, ‘क्लासिक’ आणि ‘जुनी’ यांत विम्याच्या दृष्टीने काय फरक आहे?

हा प्रश्न सर्वाधिक गोंधळाचा आहे, कारण एकाच शब्दाचे तीन ठिकाणी तीन अर्थ होतात आणि प्रत्येक जण आपलाच अर्थ खरा मानून बोलत असतो.

मोटर टॅरिफनुसार व्हिंटेज कार म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी तयार झालेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या संस्थेने तसे प्रमाणित केलेली गाडी. या व्याख्येत सोलापुरातील फारच थोड्या गाड्या बसतील. परिवहन खात्याची व्याख्या वेगळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज ठरते. तिसरा अर्थ हौशी लोकांचा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या निकषानुसार ३० वर्षांवरील, योग्य प्रकारे जतन केलेले आणि रोजच्या वापरात नसलेले वाहन ऐतिहासिक समजले जाते. ‘क्लासिक’ हा शब्द आपल्याकडे साधारण याच अर्थाने, पण ढिलेपणाने वापरला जातो.

उदाहरण म्हणून १९५६ सालची फियाट ११०० घ्या, जिला महाराष्ट्रात सगळे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखतात. ही गाडी आरटीओच्या नियमाने व्हिंटेज होऊ शकते, हौशी लोकांच्या मेळाव्यात ती क्लासिक म्हणून उभी राहते, आणि विम्याच्या टॅरिफप्रमाणे ती केवळ एक जुनी, उत्पादन बंद झालेली मोटार आहे. “माझी गाडी व्हिंटेज आहे” असे विमा कंपनीच्या खिडकीवर सांगताना कोणत्या अर्थाने सांगता आहात, हे आधी स्वतःशी ठरवावे.

जाता जाता एक गोष्ट. डुक्कर फियाट आणि पुढची पद्मिनी ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडल्या, ती कंपनी १९४४ साली उभी करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचाच. त्यामुळे आपल्याकडच्या फियाटला सोलापूरची लेक म्हणायला हरकत नाही; मूल्यांकनात मात्र या नात्याचा एक रुपयाही धरला जात नाही.

‘मान्य मूल्य’ पॉलिसी म्हणजे काय आणि ती मला मिळेल का?

मान्य मूल्य, अर्थात अ‍ॅग्रीड व्हॅल्यू पॉलिसीत एक ठरावीक रक्कम आधीच मान्य केलेली असते आणि गाडी पूर्ण नष्ट झाली किंवा चोरीला गेली तर कोणताही घसारा न कापता तेवढी रक्कम दिली जाते. टॅरिफमध्ये अशी पॉलिसी फक्त वर सांगितलेल्या, १९४० पूर्वीच्या प्रमाणित व्हिंटेज गाड्यांनाच देण्याची मुभा होती. त्यांना स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सवलतही होती. २००७ पासून दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले असले, तरी पॉलिसीची भाषा बरीचशी जुन्याच वळणाची राहिलेली आढळते. म्हणून तुमची कंपनी १९४० नंतरच्या गाडीला मान्य मूल्य देते का, हा प्रश्न ईमेलवर विचारावा आणि उत्तरही ईमेलवरच घ्यावे.

ते मिळाले नाही तरी निराश होण्याचे कारण नाही. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीतही, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसान आणि थर्ड पार्टी या दोन्हींचा विमा एकत्र असलेल्या पॉलिसीतही, पूर्ण नुकसानीच्या दाव्यासाठी आयडीव्ही हीच संपूर्ण वर्षभर गाडीची बाजारकिंमत मानली जाईल आणि तीतून आणखी घसारा कापला जाणार नाही, असे कलम असते. तेव्हा पाच वर्षांवरील गाडीची किंमत पुराव्यानिशी, परस्पर संमतीने ठरवून घेतली तर पूर्ण नुकसानीपुरते संरक्षण मान्य मूल्याच्या बरेच जवळ पोहोचते.

मूल्यांकन कोणाकडून करून घ्यावे?

विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना असलेला, मोटार विभागात काम करणारा सर्वेक्षक व हानी-निर्धारक ही पहिली पसंती असावी, कारण दावा उभा राहिला तर त्याच पेशातील माणूस तुमची कागदपत्रे वाचणार असतो आणि आपल्या पेशातल्या अहवालाची भाषा त्याला कळते. मात्र परवाना आहे म्हणजे जुन्या गाड्यांची जाण आहे, असे नाही. आजवर फक्त अलीकडच्या गाड्यांचे बंपर मोजलेला सर्वेक्षक अँबॅसॅडरचे मार्क वन आणि मार्क टू यांतला फरक सांगू शकेल, ही अपेक्षा चुकीची ठरू शकते. आधी फोन करून त्याने यापूर्वी कोणत्या जुन्या गाड्यांचे अहवाल दिले आहेत ते विचारावे. सोलापुरात असा माणूस न मिळाल्यास पुण्याहून बोलवावा. अडीचशे किलोमीटरचा प्रवासखर्च धरूनही तो परवडतो, विशेषतः दोन-तीन मालकांनी मिळून एकाच दिवशी गाड्या दाखवल्या तर.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. गाडी विकत घेण्यात ज्याला रस आहे त्याच्याकडून मूल्यांकन करून घेऊ नये, आणि मूल्यांकनाचे शुल्क ठरावीक रकमेत ठरवावे, किमतीच्या टक्केवारीत नव्हे. टक्केवारीवर काढलेल्या आकड्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही, आणि ते योग्यच आहे. तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीचे मत अहवालाची जागा घेऊ शकत नाही. परंतु त्याने कोणते काम केव्हा केले याचे सही-शिक्क्यानिशी पत्र अहवालाला जोडलेले असेल, तर त्याचा उपयोग मोठा होतो.

तपासणीच्या दिवशी नेमके काय पाहिले जाते?

चांगला मूल्यांकनकर्ता रंगाकडे सर्वांत शेवटी पाहतो. माझ्या गाडीला आलेल्या गृहस्थांनी खिशातून रुमालात गुंडाळलेले एक छोटे चुंबक काढले आणि मागच्या मडगार्डवर, दरवाजांच्या खालच्या कडांवर आणि डिकीच्या पन्हाळीच्या बाजूने ते हळूहळू फिरवले. जेथे पत्रा शाबूत होता तेथे ते घट्ट चिकटले. डाव्या मडगार्डच्या कमानीवर मात्र ते घसरून खाली पडले. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. त्यांनी काही न बोलता वहीत मडगार्डचे रेखाचित्र काढून त्या जागेवर फुली मारली. सात वर्षांपूर्वी गाडी घेताना ज्याने “एकही जोड नाही” असे छातीठोक सांगितले होते, त्याची मला त्या क्षणी आठवण झाली.

त्यानंतर चासी क्रमांक. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने आणि तारेच्या ब्रशने पट्टी साफ करून त्यावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासून छाप घेतला. इंजिन क्रमांकाचाही तसाच छाप घेतला आणि दोन्ही आरसी बुकातील क्रमांकांशी अक्षर-अक्षर ताडून पाहिले. एका गाडीत आरसीवर ‘८’ आणि पट्टीवर ‘३’ असल्याने संपूर्ण अहवाल थांबल्याचे त्यांनीच सांगितले. त्यामुळे हे ताडून पाहण्याचे काम तुम्ही आदल्या आठवड्यात स्वतः करून ठेवलेले बरे.

गाडी खाली वाकून, शक्य असल्यास रॅम्पवर चढवून पाहिली जाते: फ्लोअरचा पत्रा, वेल्डिंगची ठिगळे, स्प्रिंगची पाने, ब्रेकच्या नळ्या. आपल्याकडे हवा कोरडी असल्याने कोकणातल्या गाड्यांसारखा गंज सहसा लागत नाही, ही सोलापूरच्या गाड्यांची जमेची बाजू आहे आणि ती अहवालात लिहून घ्यावी. उलट, चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाने दरवाजांची रबरे तडकतात, डॅशबोर्ड वाकतो आणि शिटांचे रेक्झिन उसवते. शेवटी इंजिन थंड असताना चालू करून धूर आणि ऑइलचा दाब पाहिला जातो; म्हणून मूल्यांकनकर्ता येण्यापूर्वी गाडी तापवून ठेवू नये, त्याने उगाच संशय वाढतो.

कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत?

आरसी बुक, मागच्या पॉलिसी, कर भरल्याच्या पावत्या, पीयूसी आणि पुनर्नोंदणीची नोंद तर लागतेच. त्याखेरीज खरी भर घालतात ती घरातल्या ट्रंकेत पडलेली कागदे: मूळ खरेदीची पावती, वितरकाचे पत्र, सर्व्हिस पुस्तिका, टूल किट, आजोबांचा गाडीसमोर उभा राहिलेला तारीख असलेला फोटो. गाडी पहिल्यापासून एकाच कुटुंबात असेल तर मालकीची साखळी दाखवणारी ही कागदे बाजारात किंमत वाढवतात आणि मूल्यांकनकर्त्याला तो वाढीव आकडा लिहिण्यासाठी आधार देतात. एमएच-१३ ची मालिका येण्याच्या आधीचा जुना नोंदणी क्रमांक गाडीवर अजून कायम असल्यास त्याचा उल्लेख आवर्जून करावा.

फोटो स्वतःही काढून ठेवावेत. चारही बाजू, चारही कोपरे, इंजिन, डॅशबोर्डवरील किलोमीटरचा आकडा, छताचे अस्तर, डिकी, स्टेपनी, दोन्ही क्रमांक आणि गाडीचे दोषसुद्धा. दोष लपवलेले फोटो दाव्याच्या वेळी तुमच्याविरुद्ध वापरले जातात.

दुरुस्ती व जीर्णोद्धारावर सहा लाख खर्च झाले. मग किंमत सहा लाख धरली जाईल का?

बहुधा नाही, आणि हे उत्तर कोणालाच आवडत नाही. खर्च हा किमतीचा एक पुरावा आहे, ती स्वतः किंमत नव्हे. पद्मिनीवर सहा लाख ओतले तरी तशीच, तितकीच नीटनेटकी पद्मिनी तीन लाखांत मिळत असेल, तर बाजार तीन लाखांचाच आहे. याउलट, फारसा खर्च न केलेली पण मूळ रंग, मूळ काचा आणि मूळ इंजिन असलेली गाडी नव्याने चकाचक केलेल्या गाडीपेक्षा अधिक मोलाची ठरू शकते.

तरीही बिले टाकून देऊ नयेत. रिबोअर, क्रँकचे काम, नव्याने बसवलेले वायरिंग, क्रोम चढवलेले बंपर यांची तारीखवार बिले असतील तर गाडीची अवस्था वादातीत होते. सुटे भाग कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून रोखीने आणले असतील आणि बिल नसेल, तर निदान भागाचा, त्याच्या वेष्टनाचा आणि बसवतानाचा फोटो ठेवावा. मूल्यांकनकर्त्याला अहवालात बाजारकिंमत आणि त्याच अवस्थेला गाडी पुन्हा आणण्याचा खर्च, असे दोन आकडे स्वतंत्रपणे लिहायला सांगावे. आयडीव्हीसाठी पहिला आकडा चालतो. दुसरा दुरुस्तीच्या वाटाघाटीत उपयोगी पडतो.

बाजारभाव दाखवायचा तरी कसा? अशा गाड्या रोज विकल्या जात नाहीत.

त्यामुळेच जाहिरातीतील मागणीच्या किमतीवर विसंबू नये. जाहिरातीत विक्रेत्याची इच्छा असते, आणि ती तीन-तीन महिने तशीच पडून असते. मित्रमंडळींत प्रत्यक्ष झालेले व्यवहार, त्यांची विक्रीपत्रे, लिलावात खरोखर विकले गेलेले आकडे हे पुरावे अधिक चांगले. तीन-चार तुलनेच्या गाड्या घेऊन प्रत्येकीत आणि तुमच्या गाडीत साल, मॉडेल, अवस्था व मूळपणा यांबाबत काय फरक आहे हे एकेका वाक्यात लिहिले, तर आकड्याला पाया मिळतो. मुंबई-पुण्याचा भाव सोलापुरात जसाच्या तसा धरता येत नाही, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. मला तो पटत नाही. अशा गाडीचा खरेदीदार सोलापूरचाच असेल असे नाही, तो ट्रेलर घेऊन येतो.

इंजिन बदललेले आहे. किंमत किती घसरेल?

आपल्या भागात पेट्रोल परवडेना म्हणून अनेक अँबॅसॅडरमध्ये आणि जीपमध्ये मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवले गेले. त्या काळी तो शहाणपणाचा निर्णय होता. आज मात्र मूळपणा गेल्यामुळे हौशी खरेदीदार मागे सरतो आणि किमतीला मोठा फटका बसतो. किमतीपेक्षा गंभीर प्रश्न नोंदीचा आहे: इंजिनातील बदल आरटीओकडून मंजूर होऊन आरसीवर चढलेला नसेल, तर दावा अडण्यास तेवढे कारण पुरते. एलपीजी किटलाही हेच लागू आहे. आधी नोंद दुरुस्त करावी, मग मूल्यांकन करावे. जुने मूळ इंजिन कोपऱ्यात पडून असेल तर ते भंगारात देऊ नये; ते गाडीसोबत आहे, एवढी अहवालातील ओळसुद्धा मोलाची असते.

आरटीओकडे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी केल्यास विम्यात फायदा होतो का?

काही अंशी होतो. १ जून २०२२ पासूनच्या थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या हानीसाठीच्या सक्तीच्या विम्याच्या, दरांत व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी कारला ५० टक्के सवलत आहे. त्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या गाडीचा वार्षिक हप्ता ३,४१६ रुपये असल्याने १०८९ सीसीच्या फियाटला किंवा १४८९ सीसीच्या अँबॅसॅडरला तो निम्म्यावर येतो. पण नव्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढील नूतनीकरण ५,००० रुपयांत होते. निव्वळ हप्त्याच्या बचतीसाठी हा व्यवहार जेमतेम तोंडमिळवणीचा ठरतो. त्यातच वापरावर बंधन येते: प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपलीकडे गाडी रस्त्यावर आणता येत नाही. दर रविवारी अक्कलकोटला दर्शनाला त्याच गाडीने जाणाऱ्या कुटुंबाने हा मार्ग विचार करूनच धरावा.

लग्नाच्या वरातीसाठी गाडी भाड्याने दिली तर?

खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर वगळलेला असतो. सजवलेल्या गाडीला वरातीत धक्का लागला आणि कार्यालयाच्या पावतीवर गाडीचे भाडे लिहिलेले निघाले, तर मूल्यांकन कितीही अचूक असो, दावा नामंजूर होईल. भाच्याच्या लग्नाला विनामोबदला गाडी नेणे ही वेगळी गोष्ट आहे. तसेच शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) वगळलेल्या असल्याने रॅलीला नाव देण्यापूर्वी तिचे स्वरूप कंपनीला कळवावे.

किंमत योग्य लावली तरी किरकोळ अपघातात निम्मेच पैसे का मिळतात?

कारण आयडीव्ही पूर्ण नुकसानीसाठी असते. दुरुस्तीच्या दाव्यात बदललेल्या भागांवर वेगळा घसारा लागतो. दहा वर्षांवरील गाडीला धातूच्या भागांवर ५० टक्के, रबर, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरीवर कोणत्याही वयात ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के कपात होते. काचेवर कपात नाही आणि मजुरीवरही नाही. रंगकामात रंगाच्या सामानाच्या किमतीवर ५० टक्के घसारा धरला जातो. म्हणून मिस्त्रीकडून बिल घेताना सामान आणि मजुरी स्वतंत्र लिहून घ्यावी. जुन्या गाडीत पत्रा ठोकून सरळ करण्याचे, म्हणजे मजुरीचे कामच अधिक असते, आणि एकत्रित बिलामुळे त्यावरही कात्री चालण्याचा धोका राहतो. घसारा न कापणारी जोड-पॉलिसी साधारणपणे नव्या गाड्यांनाच मिळते.

गाडी दोन वर्षे गॅरेजमध्ये उघडून पडलेली आहे. विमा हवाच का?

ती सार्वजनिक रस्त्यावर येत नसेल तर थर्ड पार्टीची सक्ती उद्भवत नाही, पण आग आणि चोरी गॅरेजमध्येही होते, आणि सुटी केलेली गाडी चोरणे अधिक सोपे असते. बंद ठेवलेल्या वाहनासाठी केवळ आग व चोरीचे संरक्षण मिळते का, ते कंपनीला विचारावे. मिस्त्रीच्या आवारात असलेल्या भागांची यादी त्याच्या सहीने घेऊन ठेवावी.

मूल्यांकन किती वर्षांनी पुन्हा करावे?

दर दोन-तीन वर्षांनी, आणि मोठे काम झाल्यावर लगेच. पॉलिसी खंडित होऊ देऊ नये. ९० दिवसांच्या आत नूतनीकरण न केल्यास नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जाते, शिवाय पुन्हा पाहणी होऊन किमतीचा वाद नव्याने सुरू होतो. गणपतीनंतर ज्यांचे नूतनीकरण येते त्यांनी मूल्यांकन उन्हाळ्यातच उरकावे, म्हणजे कंपनीशी पत्रव्यवहाराला हाताशी वेळ राहतो.

कंपनी आमची किंमत मान्यच करत नाही. काय करावे?

प्रथम अहवाल, फोटो आणि तुलनेच्या गाड्यांची माहिती जोडून लेखी प्रस्ताव द्यावा आणि नकार असल्यास त्याचे कारण लेखी मागावे. संकेतस्थळावरील नूतनीकरणाच्या पानावर किमतीची पट्टी ठरावीक मर्यादेपलीकडे सरकत नाही. त्यावरून कंपनीचे धोरणच तसे आहे असा निष्कर्ष काढू नये, शाखेतील अंडररायटरपर्यंत, म्हणजे जोखीम तपासून विमा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत, प्रस्ताव जाऊ द्यावा. तरीही नकार आला तर दुसरी कंपनी गाठावी. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या किमतीच्या वादात तक्रारीपेक्षा हाच मार्ग लवकर फळतो.

दावा झाल्यानंतरचा वाद असेल तर मात्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. सोलापूर जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे, तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग त्याहून वेगळा आणि वेळखाऊ आहे. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न हाच येतो की किंमत ठरताना तुम्ही कंपनीला काय पाठवले होते. म्हणून पाठवलेल्या अहवालाची पोच, तारखेसह, आरसी बुकाच्या पिशवीतच ठेवावी.